माक्याच्या तेलाचा वास

वैद्यबुवा, मी ती खरजेची. बोटांच्या बेचक्यांत खाजवत तुमच्या ओट्यावर येऊन बसले होते, ती. खरूज घेऊन येणाऱ्या बाया तुमच्याकडं कमी नव्हत्या, पण खरूज गेल्यावरही जी गेली नाही आणि पुढं अठरा वर्षं तुमच्या मागच्या पडवीत तेलं कढवत राहिली, ती मीच एक. तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं तरी होत आली. एवढ्या उशिरा कोण आठवण काढतंय म्हणून तिकडं चष्मा शोधू नका. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. नेरूळला चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या फरशीवर आम्ही दोघी बसलोय. मी भिंतीला पाठ लावून आणि ती पाटावर वही ठेवून. तिच्या डोक्याला ओढणी बांधलेली आहे. ती कशासाठी, ते पुढं येईल. मी बोलते ते ही पोरगी जरा धुऊन-पुसून लिहिते असा मला संशय आहे, कारण माझं वाक्य लांबतच जातं आणि हिची ओळ आधीच संपलेली असते. असू दे. मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही होता तेव्हाच विचारायला हवं होतं, पण तेव्हा मला प्रश्नच कळला नव्हता.

पहिला दिवस आठवतो का तुम्हाला? तुम्ही माझे हात बघितलेच नाहीत. आधी विचारलंत, काय खातेस. मी म्हटलं, मिळेल ते. तर म्हणालात, त्यातलं सुकट आणि दही मिळालं तरी खाऊ नकोस. मग करंजाचं तेल दिलंत, अंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला उकळायला सांगितलात, आणि घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं उकळून उन्हात टाकायला लावलीत. सासूबाई चार दिवस कुरकुरत होत्या, की खाज हिला आणि धुणं आम्हाला. आठवड्यानं मी दुसरी बाटली न्यायला आले आणि बूच काढून सहज बोलून गेले की हे मागच्यापेक्षा जास्त शिजलंय. तुमचा खलातला हात थांबला. तुम्ही दोन्ही बाटल्या हुंगल्यात, पुन्हा हुंगल्यात, आणि मला विचारलंत की घरचे कामाला सोडतील का. खाज होती हाताला आणि काम लागलं नाकाला, असं मी पुढं सगळ्यांना सांगायची. लोक हसायचे. तुम्ही कधी हसला नाहीत, पण तुम्ही तसे कशालाच हसत नव्हता.

तुमची पडवी मला अजून दिसते. दगडांचं चुलवण, त्यावर ती लोखंडी कढई, दोघांनी धरल्याशिवाय न उचलणारी. खाजेसाठी करंज, कडुलिंब, खैराची साल. केसांसाठी माका आणि आवळा, तिळाच्या तेलात. तुम्ही आत बसून पोथीतलं काहीतरी पुटपुटत असता, मला त्यातला शब्द कळत नाही, पण कढई मला कळायला लागते. माक्याचा रस घातला की आधी वास येतो गुरांच्या पायाखाली चिरडलेल्या ओल्या पाल्यासारखा. मग भाजी शिजल्यासारखा. मग पाणी आटत जातं, आवाज खाली बसतो, फेस येतो, आणि अगदी थोडा वेळ, नाक शिंकरून होईल एवढाच वेळ, वाळल्या गवतात कुणी तीळ भाजतंय असा वास येतो. तेव्हा कढई उतरवायची. त्याच्या अलीकडं तेल कच्चं, पलीकडं जळकं. तळाचा चोथा चिमटीत धरून वळायला तुम्हीच शिकवलंत. त्याची वात झाली आणि विस्तवावर ती तडतडली नाही, म्हणजे पाणी गेलं. पण तुम्ही म्हणायचा, वात पाण्याचं सांगते, तेलाचं नाकच सांगतं.

पहिल्याच वर्षी मी एकदा घाई केली होती. आमच्याकडं माहेरची माणसं यायची होती. मी कढई उतरवली आणि तुम्हाला झालं म्हणून सांगितलं. तुम्ही आलात, कढईपासून चार हातांवर थांबलात, जवळसुद्धा गेला नाहीत. गड्याला बोलावून ती अख्खी कढई परसातल्या कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतायला लावलीत. ओरडला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही नुसतं म्हणालात, "पोरी, तेलाला कुठं जायचं नसतं. घाई आपल्याला असते." त्यानंतर कितीतरी दिवस त्या झाडाखालून जाताना मला कच्च्या माक्याचा वास यायचा. खरा का खोटा, देव जाणे.

आणि ते उलथणं. धुरानं माझे डोळे बारा महिने लाल असायचे, ते तुम्ही कधी बघितलंत कोण जाणे, पण एका दिवाळीला सुताराकडून माझ्या उंचीचं लांब दांड्याचं लाकडी उलथणं करवून आणलंत आणि चुलवणाला टेकवून ठेवलंत. ते मी इथं आणलंय. इथल्या स्वयंपाकघरात ते फिरवायला गेलं की दांडा मागं फ्रिजला लागतो. सुनेनं दोनदा तरी विचारलं, आत्या, थोडं कापून घेऊया का. मी म्हटलं, आधी फ्रिज काप.

आता शेवटच्या वर्षाचं बोलते. त्या वर्षी तुमचे हात कापायला लागले होते, म्हणून तुम्ही चुलीजवळ येत नव्हता. खांबाला टेकून बसायचा, हातात ती तपकिरीची डबी, अन् दर थोड्या वेळानं चिमूट नाकात. पूर्वी मी झालं म्हटलं की तुम्ही हुंगून बघायचा आणि मान हलवायचा. त्या वर्षी तुम्ही उलटं सुरू केलंत. मला विचारायचा, "तू सांग. कसा येतोय वास?" मी सांगायची, बुवा, आता भाजीसारखा. तुम्ही म्हणायचा, मग? मी म्हणायची, अजून वेळ आहे. तुम्ही म्हणायचा, बरोबर. मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय आणि मी रोज पास होतेय. घरी जाताना माझी मान अशी ताठ, की सासूबाईंनी विचारलं, मान लचकली का गं. अक्षर येत नसलेल्या बाईला वैद्यबुवा विचारून तेल उतरवतात, हे मी गावभर केलं होतं.

आणि मग ते तेल. पावसाळ्याच्या आधीचा घाणा होता. तुम्ही विचारलंत, मी झालं म्हणाले, वात बघितलीस का विचारलंत, मी बघितली म्हणाले. माझा अंदाज चुकला. तेल कच्चं राहिलं, बाटल्यांत गढूळ झालं, बुरशी धरली, आणि शेजारच्या गावची एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली. पोरीच्या डोक्यात खाज होती म्हणून ते तेल नेलं होतं, आणि आता डोकं फोडांनी भरलेलं. मी पडवीतून ऐकत होते. ती बाई तुम्हाला नाही नाही ते बोलली. तुम्ही तिला एवढंच म्हणालात, "माझ्या हातून झालं." मग त्या पोरीला आठ दिवस ठेवून घेतलंत, आणि रोज सकाळी आपल्या कापऱ्या हातांनी कडुलिंबाच्या पाण्यानं तिचं डोकं धुतलंत. मला हात लावू दिला नाहीत. नवव्या दिवशी पोरगी घरी गेली आणि तुम्ही गड्याला सांगून कढई पालथी घातलीत. मला म्हणालात, उद्यापासून येऊ नकोस, आता तेल करायचं नाही.

मला राग आला, बुवा. अठरा वर्षांत एक कढई चुकली आणि दार बंद. वर आणि बाईपुढं माझा गुन्हा स्वतःवर घेऊन मोठेपणा मिरवला, असं मी चारचौघीत बोलले. पुढच्या वर्षी तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमच्याकडून निरोप आला होता, की एकदा येऊन जा. मी गवत कापायला जायचंय म्हणून सांगितलं. गवत होतंच, खोटं नव्हतं. पण ते दुसऱ्या दिवशीही कापता आलं असतं.

त्यानंतर बरंच काही झालं, ते तुम्हाला सांगत बसत नाही. मालक गेले. मुलगा वाशीच्या धान्यबाजारात माथाडी, तो मला इकडं घेऊन आला. इथल्या बायकांच्या केसांची तऱ्हा बघाल तर तुम्ही पोथी मिटून ठेवाल. पुडी फोडून फेस करायचा, तीन मिनिटांत डोकं धुवायचं आणि मग कंगव्यातला गुंता दाखवत टाकीच्या पाण्याला शिव्या घालायच्या. एकीला मी माक्याचं तेल करून दिलं, तिनं दुसरीला सांगितलं, आणि हळूहळू सोसायटीत मी तेलवाली आजी झाले. तुमच्यासारखं मीही आधी विचारते, काय खातेस, किती वाजता झोपतेस. त्यांना ते आवडत नाही. त्यांना बाटली हवी असते, पथ्य नको.

आता हे नीट लिही गं. वैद्यबुवा, माझं नाक गेलंय. कधी गेलं ते कळलंही नाही. दोन वर्षांमागं मोठं पडसं झालं होतं, तेव्हापासून असेल. आधी मोगरा गेला, मग फोडणी गेली. इथं वारा फिरला की कधी खाडीचा वास येतो, कधी कारखान्यांचा, आणि जिन्यात सगळे नाकाला रुमाल लावतात. ते लावतात म्हणून मीही पदर लावते. काय घाण सुटलीय, असंही म्हणते, सगळ्यांच्या आधी. कुणाला संशय आला नाही. लिहिणारीनं पेन थांबवलंय आणि ती माझ्याकडं बघतेय. हिलाही आत्ताच कळतंय. बघू नकोस, लिही.

हिला पावसाळ्यात टायफॉईड झाला. ताप गेला, अंगावर जरा मांस आलं, आणि दिवाळीनंतर केस गळायला लागले. उशीवर केस, वहीत केस, ताटात केस. डोक्याला खाज सुटली ती वेगळीच. बारावीचं वर्ष, आणि ही ओढणी बांधून घरात बसली. कॉलेजात मागच्या बाकावरच्या पोरी मोजतात म्हणाली, किती दिसतंय ते. सून म्हणत होती डॉक्टरकडं नेऊ. मी म्हटलं, माझ्या घरात तेल असताना? बोलायला मला काय जातंय. स्टेशनपलीकडच्या ओल्या जागेतून मी माका उपटून आणला. तिळाचं नव्हतं, तर मुलानं बाजारातून सुटं खोबरेल आणलं. मी कढवलं. आवाज बसला, फेस आला, वात वळली, तडतडली नाही. वासाचं मी मनानंच ठरवलं. रोज दुपारी खिडकीत बसवून मी हिच्या डोक्याला ते तेल चोळायची. ही मान सारखी खिडकीबाहेर काढायची. मी म्हणायची, सरळ बस, बाहेर काय तुझा सासरा उभा आहे?

पंधरा दिवस झाले असतील. इथल्या दिवाळे गावाहून एक कोळीण येते आमच्याकडं, डोक्यावर पाटी घेऊन चार जिने चढते, आणि माझं तिचं बोंबलांवरून भांडण ठरलेलं. त्या दिवशी तिनं पाटी दारात टेकवली आणि नाकाला पदर लावला.

"आजे, तुजा तेल खवट झाला हाय गो," ती म्हणाली. "पार खाली जिन्यापावत वास येतंय."

मासळीची पाटी समोर ठेवून ती बाई मला वासाचं सांगत होती. एरवी मी तिला सोडली नसती. त्या दिवशी मी बोंबील घेतले, घासाघीस न करता, आणि दार लावून हिच्यासमोर बसले. विचारलं, तुला येत होता वास? ही म्हणाली, येत होता. पहिल्या दिवसापासून. मग बोलली का नाहीस? तर ओढणीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "तू एवढं जीव लावून चोळायचीस, आजी."

ओढणी काढून बघितलं. माझ्या डोळ्यांना अजून दिसतं तेवढं पुरेसं होतं. लाल पुटकुळ्या, जागोजागी. ती शेजारच्या गावची पोरगीच माझ्यापुढं बसलीय असं वाटलं. सून संध्याकाळी हिला कातडीच्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेली, मीही मागं मागं गेले. काय लावत होतीस, असं बाईंनी विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ही म्हणाली, मीच दुकानातून कसलंतरी तेल आणून लावलं. सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि हिच्या तापाचे कागद बाईंपुढं ठेवले. डॉक्टरीणबाईंनी सगळं बंद करायला सांगितलं, लावायला औषध दिलं, आणि वर म्हणाल्या की तापानंतरचे केस जातात आणि आपले आपण येतात, घाबरायचं नाही. तुम्हीही अगदी हेच सांगायचा की! तापातनं उठलेल्या बायकांना तुम्ही तेल द्यायचा आणि त्या गेल्यावर मला म्हणायचा, केस येणार ते महिन्यांनी येणार, तेल आपलं तोवर धीर धरायला. हे मी सोयीस्कर विसरले होते.

त्या डब्यातलं तेल ओतायला मी जागा शोधली. चौथ्या मजल्यावर लिंबाचं झाड नसतं. शेवटी मुलानं ते खाली वॉचमनला दिलं, आणि आता आमच्या बिल्डिंगमध्ये एकाही दाराची बिजागरी वाजत नाही. तेवढं एक काम झालं.

पुटकुळ्या बसायला तीन आठवडे लागले. मग ही एक दिवस म्हणाली, आजी, आता नवं तेल कर, डॉक्टरांना मी विचारून आलेय. मी टाळत होते. गुडघे दुखतात म्हटलं, माका मिळत नाही म्हटलं. हिनं माका आणला, वाण्याकडून नवं खोबरेल हुंगून आणलं, आणि काल सकाळी मला गॅससमोर उभं केलं. रस घातला. मी तुमचं उलथणं फिरवतेय, दांडा फ्रिजला लागतोय, आणि मला कसलाही वास येत नाहीये. नुसती वाफ, गरम पाण्याची असते तशी. खरं सांगायचं सुचेना. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तू सांग. कसा येतोय वास?"

हिचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू! ही सरळ उभी राहिली, मान ताठ करून, डोळे मिटून हुंगायला लागली. आणि वैद्यबुवा, मला ती मान ओळखू आली. ती माझी मान होती. मग खांबाला टेकलेले तुम्ही दिसलात, ती डबी दिसली, आणि नाकात जाणारी ती चिमूट. तुम्ही माझी परीक्षा घेत नव्हता. तुम्हाला खरंच कळत नव्हतं. तुमचं नाक गेलं होतं ना? हाच तो प्रश्न. उत्तर मला काल मिळालंय, तरी विचारून ठेवते. त्या बाईला माझ्या हातून झालं म्हणालात, तो मोठेपणा नव्हता. माझ्या ज्या नाकावर तुमचं चालत होतं ते चुकलं, आणि दुसरं जवळ नव्हतं, म्हणून तुम्ही कढई पालथी घातलीत. मी मात्र एवढी वर्षं ती माझ्या डोक्यावर पालथी घातली असं समजत आले. आणि निरोप आला तेव्हा गवत कापायला गेले.

काल ते तेल काही लवकर होईना. उभं राहून माझ्या पिंढऱ्या भरून आल्या, पाठीचा काटा ढिला झाला. वात वळली, तडतडली नाही. मी म्हटलं, झालं गं, बंद कर आता. ही म्हणाली, "नाही आजी, अजून ओला पाला येतोय." मी म्हटलं, येऊ दे थोडा, काय होतंय. तर माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं, मला या भिंतीशी बसवलं आणि म्हणाली, नाही म्हटलं ना. मग मी बसून राहिले. बऱ्याच वेळानं हिनं गॅस बंद केला. वास कसा होता ते मी विचारलं, तर म्हणाली, गवतासारखा, वाळलेल्या. तिळाचं काही बोलली नाही, पण तेल खोबऱ्याचं होतं. हिच्या भांगात बारीक कोंब दिसतायत, बोटाला लागतात. ते तेलाचे नाहीत, हे तेल तर अजून हिच्या डोक्याला लागलेलंही नाही. सोमवारपासून ओढणी बांधून का होईना, कॉलेजला जाते म्हणालीय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमच्या घरी आता कोण राहतं ते मला माहीत नाही, आणि तुमच्या आताच्या गावाला टपालाची पेटी नाही. वहीत राहू दे. हिनं काय लिहिलंय ते मला वाचता यायचं नाही, तेव्हा तेही हिच्यावरच.

एक राहिलं. मघाशी मी सांगितलं की त्या पावसाळ्याआधी माझा अंदाज चुकला. मी स्वतःलाही तीस वर्षं तसंच सांगत आलेय. चुकला नव्हता. ओल्या पाल्याचा वास मला लख्ख येत होता. वातही मी वळली नव्हती. पाठ मोडून आली होती, दिवस कलला होता, आणि मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. तुम्ही विचारलंत, आणि मी झालं म्हटलं.